घंटेवरचं साल, मठातला कागद

दादरा-नगर हवेलीतल्या खानवेलमध्ये एखाद्या घरातला सगळ्यात जुना कागद कोणता, असं विचारलं की ट्रंकेतून किंवा प्लास्टिकच्या पिशवीतून निघतो तो बहुधा जमिनीचा. पोर्तुगीजांनी या मुलखावर एकशे सत्तर वर्षं अंमल केला. तरी बाप्तिस्म्याची वही, मठाचा रोजखर्च, एखाद्या पाद्र्याने लिहून ठेवलेली गावाची हकिकत असलं काही इथे पिशवीतून बाहेर येत नाही. सिल्वासाला पिएदाद मातेचं चर्च आहे, पण तेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. त्याआधीचा कॅथलिक संन्याशांचा पसारा दमणपाशीच थांबला होता. दमण पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये घेतलं. मोटी दमणच्या किल्ल्यात डोमिनिकन मठाच्या भिंती आजही बिनछपराच्या उभ्या आहेत. तिथून खानवेल म्हणजे बैलगाडीची फार तर दोन दिवसांची वाट. मठातला कागद काही ती वाट चालून आला नाही.

कारण तारखांतच आहे. नगर हवेली पोर्तुगीजांकडे आली ती १७८३ मध्ये आणि दादरा १७८५ मध्ये. तोवर जेझुइटांना पोर्तुगालच्याच राजाने १७५९ मध्ये हाकलून दिलं होतं. पुढे १८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघच बंद केले आणि दुसऱ्याच वर्षी तो हुकूम गोव्यात अमलात आला. मधल्या पन्नासएक वर्षांत दमणगंगेच्या वरच्या अंगाला, रानात, मठ बांधायला कोण येणार होतं? म्हणून मठांतल्या कागदपत्रांचा आढावा घ्यायला खानवेल ही मला उलट चांगली जागा वाटते. जिथे हे कागद संपतात तिथून मागे पाहिलं, की ते काय होते आणि कुणासाठी लिहिले जात होते हे जास्त नीट दिसतं.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपण सरसकट 'मठ' म्हणतो, पण फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन हे फ्रायर म्हणजे भिक्षेवर राहणारे, गावात-शहरात मिसळणारे बंधू. रानात कोंडून घेणारे संन्यासी वेगळे. हा फरक कागदाच्या दृष्टीने मोठा आहे. भिक्षेवर जगणाऱ्या घराला कुणी काय दिलं ते लिहावं लागतं. कुणी जमीन दिली, कुणी गुरं दिली, बदल्यात कुणाच्या नावाने किती प्रार्थना म्हणायच्या ठरल्या, हे सगळं त्या वहीत आलं पाहिजे. दूरचं उदाहरण घ्यायचं तर आयर्लंडमधल्या अथेनराय या गावच्या डोमिनिकन मठाची अशी एक जुनी नोंदवही आहे. तिच्यात दात्यांची नावं, त्यांची दानं आणि त्यांचे मृत्यू येतात. ती वाचताना देवळाच्या भिंतीवरची देणगीदारांची फरशी आठवते.

आयर्लंडमधल्या मठांच्या लिखाणात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो किलकेनीच्या मठातला फ्रान्सिस्कन जॉन क्लिन. १३४८ मध्ये प्लेग आला तेव्हा तो लॅटिनमध्ये वर्षवार हकिकत लिहीत होता. डब्लिन शहरात काही महिन्यांत १४,००० माणसं मेली, असं तो लिहितो. हा आकडा अभ्यासक फुगलेला मानतात. पण त्याच ओघात तो सांगतो, की द्रोहेडाच्या मठातले २५ भाऊ गेले आणि डब्लिनच्या मठातले २३. हे आकडे जास्त भरवशाचे वाटतात, कारण ते त्याच्या स्वतःच्या संघाच्या घरांतले आहेत. शेवटी त्याने पुढची पानं कोरी ठेवली, आदमाच्या वंशातला कुणी जगला-वाचला तर त्याने काम पुढे न्यावं म्हणून. त्याखाली दुसऱ्या अक्षरात एक छोटी ओळ आहे, तिचा आशय असा की इथे लेखक वारला असं दिसतं. मठाच्या कागदाची ताकद आणि मर्यादा दोन्ही या एका पानावर दिसतात: घरच्या गोष्टीत अचूक, बाहेरच्या गोष्टीत ऐकीव.

मराठी वाचकाला आयरिश मठांची दुसरी गोष्ट जास्त ओळखीची वाटेल. मीहॉल ओ क्लेरी हा फ्रान्सिस्कन बंधू इतिहास राखणाऱ्या वंशपरंपरागत घराण्यातला, म्हणजे आपल्या वतनी चिटणिसांसारखा. इंग्रजांच्या दडपणामुळे आयरिश फ्रान्सिस्कनांनी आजच्या बेल्जियममध्ये लुव्हॅ इथे घर केलं होतं. तिथून त्याला १६२६ मध्ये मायदेशी पाठवलं, जुनी पुस्तकं उतरवून आण म्हणून. तो वर्षानुवर्षं गावोगाव हिंडला. मग १६३२ ते १६३६ या काळात, डोनेगॉलचा मूळ मठ १६०१ मध्येच उद्ध्वस्त झालेला असताना, ड्राउस नदीकाठच्या आसऱ्याच्या घरात बसून त्याने आणि सोबत्यांनी आयर्लंडचा वर्षवार इतिहास जुळवला. तो प्रलयापासून सुरू होतो आणि १६१६ पर्यंत येतो. लोक त्याला 'चार उस्तादांची बखर' म्हणतात, पण त्या चौघांत बंधू एकटा ओ क्लेरीच. बाकीचे तिघे प्रापंचिक, तेही इतिहासकारांच्या घराण्यांतले. काम संपल्यावर मठातल्या बंधूंनी १० ऑगस्ट १६३६ रोजी दाखला लिहून दिला आणि कोणकोणती जुनी पुस्तकं वापरली त्यांची नावंही नोंदवली.

हे वाचून महानुभाव पंथातला म्हाइंभट आठवला नाही तर नवल. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर रिद्धपुरात नागदेवाचार्यांच्या सांगण्यावरून, साक्षीदारांना गाठून, विचारून, पडताळून त्याने लीळा गोळा केल्या. ते साल साधारण १२७८. पुढे 'खालशाची धाड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वारीत ती मूळ पोथी हरवली आणि हिराइसेसारख्यांच्या आठवणीतून लीळाचरित्र पुन्हा उभं केलं गेलं. मग पंथाने ते सकळ लिपीत, सांकेतिक अक्षरांत, कुलूपबंद केलं. इथे हेतूच वेगळा दिसतो. आयरिश बंधू आपला देश जगाला दाखवायला लिहीत होते, महानुभाव आपला देव परक्या डोळ्यांपासून राखायला. ज्ञान राखण्याचे हे दोन्ही मार्ग खरे आहेत. पण ज्याने कुलूप लावलं त्याच्या पोथ्या शेकडो वर्षं पंथाबाहेर कुणी वाचल्या नाहीत, हेही खरं.

ओ क्लेरी ड्राउसच्या काठी लिहीत होता नेमक्या त्याच वर्षांत, १६३० च्या दशकाच्या पूर्वार्धात, जुन्या गोव्यात पावलु द त्रिनदाद हा मकावला जन्मलेला फ्रान्सिस्कन आपल्या संघाचा पूर्वेकडचा इतिहास लिहीत होता. तो हस्तलिखितातच पडून राहिला आणि लिस्बनला छापला गेला तो थेट १९६२ ते १९६७ मध्ये. मात्र ओ क्लेरी आणि त्रिनदाद यांना एका तागडीत घालायचा मोह आवरला पाहिजे. ओ क्लेरी हरलेल्यांची आठवण राखत होता. त्रिनदाद राज्यकर्त्यांच्या बाजूचा, आणि शिवाय प्रतिवादी: फ्रान्सिस्कनांनी धर्मांतराच्या कामात कसूर केली, या आरोपाला त्याचं पुस्तक म्हणजे उत्तर आहे. आपल्या दफ्तरी भाषेत ही कैफियत. कैफियतीत आपण किती झटलो हे सांगायचं असतं, म्हणून आकडे चढतात, चमत्कार घडतात आणि पाडलेल्या देवळांची यादी पराक्रम म्हणून येते. ती यादी आज आपल्याला उपयोगी पडते, कारण कुठे काय होतं ते तिच्यामुळे कळतं. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र तसलं काही नव्हतं.

उत्तर कोकणातल्या फ्रान्सिस्कनांची कथा आंतोनियु दु पोर्तु या बंधूपासून सुरू होते. सोळाव्या शतकाच्या मध्याला त्याने वसई-साष्टीत मठ आणि चर्चं उभारली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यात त्याने चर्च केलं, ते आजही जाऊन पाहता येतं. त्याचा एक किस्सा दियोगु दु कूतोने लिहून ठेवला आहे. कान्हेरीच्या डोंगरात आत किती खोल वाट जाते ते पाहायला हा बंधू माणसं आणि शिधापाणी घेऊन शिरला आणि सात दिवस हिंडत राहिला. कान्हेरी पाहिलेल्याला यात किती तथ्य असेल ते समजतंच. तरी त्यातून हे कळतं की विहार आणि पाण्याच्या पोढी पाहून एका पोर्तुगीज भिक्षूची छाती दडपली होती. ही गोष्ट लिहिणारा कूतो फ्रायर नव्हता, तो सरकारी इतिहासकार. १५९५ मध्ये गोव्यात दफ्तरखाना निघाला तेव्हा त्याचा पहिला रखवालदार तोच. पणजीच्या आजच्या पुराभिलेखागाराचं मूळ तिथे आहे.

एवढं झाल्यावर मठांच्या लिखाणावर विश्वास ठेवायचा तरी किती, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर मला जुन्या गोव्याच्या एका खिडकीत सापडतं.

जॉर्जियाची राणी केतेवान हिला पर्शियाच्या शाह अब्बासने धर्म सोडायला सांगितलं. तिने नाकारलं, म्हणून १६२४ मध्ये शिराझ इथे तिला हाल करून मारण्यात आलं. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन बंधूंनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांतला काही भाग १६२७ मध्ये गोव्यात आणला. आपल्या घरी त्यांनी त्याची नोंद केली. अस्थी चॅप्टर चॅपलच्या एपिस्टल बाजूच्या, म्हणजे वेदीकडे तोंड केलं की उजव्या हाताच्या, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत ठेवल्या आहेत, असं ती सांगते. मग मठ बंद झाला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला, आणि उरला तो एक उंच मनोरा. पुरातत्त्व खात्याने ढिगारा उपसायला घेतला तेव्हा त्या नोंदीतल्या खिडकीचाच माग काढायचा होता. २००४ मध्ये त्याच भागात एक हाड सापडलं. हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवविज्ञान केंद्राने त्याचा डीएनए तपासला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला. जॉर्जियात आढळणारा आणि भारतात जवळपास न दिसणारा मातृवंश त्या हाडात होता. जुलै २०२१ मध्ये भारताने त्या अवशेषाचा एक भाग जॉर्जियाला दिला.

ही कथा लोक श्रद्धेचा विजय म्हणून सांगतात. मला तीत कोठारातल्या कारकुनाचा विजय दिसतो. ज्याने 'दुसरी खिडकी' लिहिलं, त्याला काही सिद्ध करायचं नव्हतं. मौल्यवान वस्तू कुठे ठेवली ते घरच्यांना कळावं एवढंच. क्लिनचे २५ आणि २३ हे आकडे जसे खरे, तशीच ही खिडकी. म्हणून मठाचा कागद हाती आला तर मी आधी विचारतो, हा कुणासाठी लिहिला? वरिष्ठांसाठी, राजासाठी, रोमसाठी असेल तर जपून. पुढच्या कोठाऱ्यासाठी असेल तर बिनधास्त.

आता या कागदांचं पुढे काय झालं ते पाहू, कारण टिकणं हा निराळाच इतिहास आहे. आयरिश फ्रान्सिस्कनांच्या पोथ्या अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत लुव्हॅहून रोमला, सेंट इसिडोरच्या घरी, पोहोचल्या. इटलीच्या नव्या सरकारकडून जप्ती येईल या धास्तीने १८७२ मध्ये त्या डब्लिनला आल्या, मग किलायनीच्या घरी, आणि २००० पासून युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनकडे. दरम्यान ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात आयर्लंडचं सरकारी दफ्तर स्फोटात आणि आगीत खाक झालं. जनगणनेची पानं, शतकांचे खटले, मृत्युपत्रं गेली. तेव्हा भटकत राहिलेल्या मठांच्या पोथ्यांचं मोल एका दिवसात वाढलं. २०२२ मध्ये आयर्लंडने त्या जळालेल्या दफ्तराची आभासी प्रतिकृती लोकांसाठी खुली केली. जगभरच्या संग्रहांतल्या नकला आणि उतारे शोधून ती अजून भरली जाते आहे.

कोकणात एवढं सुदैव नव्हतं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि बंधू निघून गेले. मुंबईतून तर इंग्रजांनी फ्रान्सिस्कनांना त्याआधीच, १७२० मध्ये, काढून कार्मेलाइटांना आणलं होतं. गोव्यात १८३५ मध्ये मठ बंद झाले तेव्हा इमारती, जमिनी आणि दप्तरं सरकारजमा झाली, त्यातलं उरलंसुरलं पणजीच्या पुराभिलेखागारात 'बंद केलेल्या मठांचे कागद' म्हणून आहे. धर्मसमीक्षण न्यायालय (इन्क्विझिशन) १८१२ मध्ये बंद झालं आणि त्याच्या दफ्तराचा बराचसा भाग पोर्तुगीज कारभाराच्याच संमतीने जाळला गेला. हे दफ्तर जाळणं मला सगळ्यांत बोचतं, कारण तिथे वकिली भाषेत का होईना, साध्या माणसांचे जबाब होते. आगीपेक्षा हुकूम जास्त कागद खातो.

वसईचे काही पुरावे मात्र अनपेक्षित जागी गेले. किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत पोर्तुगीज सरदारांच्या कबरीच्या शिळा आहेत. त्यांवरचे लेख मुंबईत वैद्यकी करणाऱ्या जे. जर्सन द कुन्या या गोवेकर विद्वानाने १८७६ मध्ये आपल्या चौल-वसईवरच्या पुस्तकात उतरवून ठेवले. आणि घंटा! वसई मोहिमेनंतर चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेलं आहे, भीमाशंकरलाही अशीच एक आहे. मठाची वही गेली, घंटा राहिली, आणि तीसुद्धा ज्यांनी मठ जिंकला त्यांच्याच देवळात. दर आरतीला वाजणारा दस्तऐवज दुसरा नसेल.

या सगळ्या लिखाणात मराठीचा वाटा किती? थोडा, पण महत्त्वाचा. थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' (१६१६) सगळ्यांना माहीत आहे, पण तो जेझुइट, म्हणजे फ्रायर नव्हे. बार्देशात काम करणाऱ्या फ्रान्सिस्कनांत गास्पार द सां मिगेल याने कोकणीचं व्याकरण लिहिलं. पोर्तुगालच्या ब्रागा शहरातल्या ग्रंथालयात तीन हस्तलिखितं आहेत, क्रमांक ७७१ ते ७७३. त्यांत रोमन अक्षरांत रामायण-महाभारताच्या कथा, काही कोकणीत, काही मराठीत आहेत. देवळं पाडणाऱ्यांनीच भाषा शिकायला म्हणून त्या उतरवून घेतल्या. हा विरोधाभास कुणी चवीने सांगायला लागलं की मला थोडी अस्वस्थता वाटते. ज्या घरात ती कथा सांगितली जात होती त्या घराचं नाव त्या हस्तलिखितांत नाही.

आणि पोर्तुगीज वाचणारी मराठी माणसं किती? पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याचं पुराभिलेखागार सांभाळलं, पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. त्यांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध' पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये छापलं. अ. का. प्रियोळकरांनी मुद्रण आणि धर्मसमीक्षण या दोन्हींवर काम केलं. पण दोन्ही लिप्या वाचणारे लोक नंतर वाढायला हवे होते तितके वाढले नाहीत.

याचं महत्त्व या मुलखाला तर पुरतं माहीत असायला हवं. नगर हवेलीवरच्या खटल्यात मठाचा नव्हे, तर पेशव्यांच्या दप्तराचा कागद हेगच्या न्यायालयात गेला होता. सांताना हे पोर्तुगीज जहाज मराठ्यांनी १७७२ मध्ये पकडलं, त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहात काही गावं द्यायचं ठरलं. २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेली मुक्त झाली. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपली पोलीस तुकडी घेऊन खानवेलच्या बाजूला हटला आणि ११ ऑगस्टला उधव्याला शरण आला. पोर्तुगालने १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तहाचे पाठ आणि दोन सनदा तपासल्या, आणि मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नव्हतं, वर्षाला १२,००० रुपयांचा जहागीर किंवा सरंजाम एवढाच दिला होता, असं ठरवलं. निकाल एकतर्फी नव्हता. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांना सार्वभौम मानलं आणि वहिवाटीने वाट दिली, म्हणून साध्या प्रवाशांना आणि मालाला वाट मागण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला, फौजेला नाकारला. तरीही एका मोडी शब्दावर हेगच्या न्यायाधीशांना बसून विचार करावा लागला. कारकुनाने 'सरंजाम' लिहिलं ते बारा हजारांच्या हिशेबासाठी. पुन्हा तेच, कोठाऱ्याचा कागद.

पोर्तुगीज अमलाचा जो कागद खानवेलपर्यंत आला तोही हिशेबाचाच. १९१९ च्या जमीन कायद्याखाली दिलेले 'आल्वारा' म्हणजे जमिनीचे परवाने. १९७१ मध्ये जमीन सुधारणांचा नवा कायदा आला आणि त्या परवान्यांवरून चाललेले वाद न्यायालयांत अर्धं शतक टिकले. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी यांची नावं त्या कागदांत मालक म्हणून क्वचितच येतात. पाद्र्याच्या वहीत तरी आली असती का? इथे मी थोडा साशंक आहे. त्रेंतच्या धर्मसभेने १५६३ मध्ये चर्चमध्ये लग्नाची नोंदवही ठेवणं सक्तीचं केलं. कोकणातल्या ख्रिस्ती घराण्यांना आपले पूर्वज शोधायला पुढे त्याच शिरस्त्याचा उपयोग झाला. पण त्या वहीत नाव यायला आधी नाव बदलावं लागे. मूळ नाव बहुतेक वेळा तिथेच सुटून जायचं.

खानवेलच्या आसपासच्या पाड्यांवर वारल्यांच्या लग्नात नोंद करते ती धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई. ती गाणी म्हणते, तिच्या देखरेखीखाली गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढतात, पालघट देवी त्यात बसते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. काही दिवसांनी धुराने, पावसाने, नव्या सारवणाने तो चौक पुसून जातो. पुढच्या लग्नाला नवा काढायचा. साल लिहायची तिथे गरजच पडत नाही.

पणजीत दमणच्या पत्रव्यवहाराची पुडकी आहेत. आमच्याकडच्या कुणाला त्यांत उतरायचं असेल, तर एक सांगून ठेवतो. सिल्वासा हे नाव शोधून भागणार नाही. १८८५ पासून पोर्तुगीज कागदांत या गावाचं नाव विला द पासो द आर्कुश आहे, आणि त्याआधीचा सगळा कारभार दमणच्या नावावर चढलेला आहे. मोडी येत असेल तर पेशवे दप्तराची बाजू पुण्यात पाहता येईल. धवलेरी मात्र इथेच आहे, आणि तिच्याकडे जायला पाऊस उघडायची वाट पाहावी लागते, कारण लग्नसराईशिवाय ती गात नाही.